गोळ्यावरचं फूल

आमच्या घरात जिन्याखाली चपला नसतात, तोफेचे गोळे असतात. दीड वर्षापूर्वी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या पायाच्या करंगळीने हा शोध लावला. माझी किंकाळी ऐकून सासरे धावत आले. मला वाटलं, सुनेच्या पायाची काळजी. त्यांनी गोळा उचलला, खिडकीशी नेऊन सगळीकडून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "नशीब, काही झालं नाही."

सासऱ्यांना आम्ही घरात बाबा म्हणतो आणि गावात सगळे नेमबाज म्हणतात. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांनी उभा जन्म काढला, पण त्या नोकरीबद्दल त्यांना विचाराल तर ते दोन वाक्यांत आटपतील. तोफेबद्दल विचाराल तर आधी घरी फोन करून जेवायला उशीर होईल असं सांगून ठेवा. गावाबाहेर जुन्या भिंतीवर एक तोफ आहे, तोंडातून भरायची. आधी दारूची पिशवी आत सारायची, मग गोळा, मग लांब गजाने ठासायचं, मागे कान म्हणून जे बारीक भोक असतं तिथे बत्ती द्यायची आणि पळायचं. खऱ्या लढाईत या तोफेने कुणाचं काही वाकडं केल्याचं कुणाला ठाऊक नाही. पण भिंतीच्या पलीकडे दगडांची बंद पडलेली खाण आहे, तिच्या टोकाला दरवर्षी फळ्यांची मोठी चौकट उभी करतात आणि तोफ मंडळ वर्षातून एकदा तिच्यावर तीन गोळे टाकतं. नेम धरायचा बाबांनी. बत्तीची काठी बाबांच्या हातात. माझा नवरा शाळेत होता तेव्हापासून त्या चौकटीच्या फळ्या दरवर्षी नव्या घालाव्या लागत होत्या, त्या बाबांमुळे.

गेल्या वर्षी मात्र फळ्यांना ओरखडासुद्धा आला नाही. पहिला गोळा चौकटीच्या अलीकडे चिखलात बसला. दुसरा वरून गेला. तिसरा उजवीकडे भरकटला, जमिनीवर दोन टप्पे खाल्ले, लोळत लोळत मोटारी लावल्या होत्या तिथे पोहोचला आणि मंडळाच्या अध्यक्षांच्या गाडीच्या डिकीत जाऊन बसला. डिकी बंद होती.

अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. माणूस वाईट नाही, पण समोरच्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलत राहायची सवय लागलेली. त्यांनी सभा घेतली आणि ठरवलं की पुढच्या वर्षी तीनपैकी एक तरी गोळा चौकटीत बसला नाही, तर बत्तीची काठी काकांकडे जाईल. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांचा ओतकामाचा कारखाना आहे आणि तोफेचे गोळे तेच ओततात. काका सभेत म्हणाले, "दादा आहे तोवर मला काठी नको." मग घरी येऊन त्यांनी काठी कशी धरायची याचा झाडूने सराव केला. हे मला काकूंनी सांगितलं.

बाबांनी या सगळ्याचा एकच अर्थ काढला, की आपला डोळा गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत. तर बाबा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनीही तेच सांगितल्यावर बाबा हिरमुसून घरी आले आणि म्हणाले, "हल्लीच्या डॉक्टरांना काही कळत नाही." मग घरातच परीक्षा सुरू झाल्या. सकाळी सुईत दोरा ओवून बघायचे. गॅलरीत उभे राहून मला विचारायचे, "सूनबाई, समोरच्या गच्चीवर चिमण्या किती?"

"तीन."

"मला चार दिसतात."

"आत्ताच एक उडाली, बाबा."

"खरंच उडाली, की माझी समजूत काढतेस?"

चिमणी खरंच उडाली होती. पण त्यांचा विश्वास बसेना. जेवण निम्म्यावर आलं होतं. वर्तमानपत्र हातात तसंच राहायचं. ज्या माणसाला गावातलं प्रत्येक पोर नेमबाज म्हणून हाक मारतं, त्याने एके दिवशी भावाच्या हातात काठी द्यायची आणि मागे उभं राहायचं, हे त्यांना सोसणार नव्हतं. आम्हालाही नाही. सासूबाईंनी तर स्पष्टच सांगितलं, "काठी गेली की हे दिवसभर घरात. आणि घरात बसले की माझ्या डब्यांवर नेम धरणार."

मी शाळेत विज्ञान शिकवते. आता तुम्ही म्हणाल, घरात विज्ञानाची बाई असताना तिला कुणी विचारलं का? कुणी नाही. बाबांच्या मते पुस्तकातली तोफ वेगळी आणि भिंतीवरची वेगळी. मीही एकदा तोंड उघडून नाक खुपसलं होतं, वाऱ्याबद्दल काहीतरी बोलले होते. त्यावर बाबा, काका आणि माझा नवरा तिघे एकदम हसले, तेव्हा मी ठरवलं की उडवा काय उडवायचं ते.

यंदाच्या तोफेच्या दिवसाआधी बाबांनी सराव म्हणून तीन गोळे टाकले. तिन्ही तीन दिशांना. मंडळाच्या लोकांनी ते चिखलातून खणून काढले आणि आमच्या दारात आणून टाकले. पूर्वी गोळे धुवायचं, पुसायचं काम सासूबाई करायच्या. गेल्या वर्षीपासून त्यांनी त्यातून अंग काढून घेतलं होतं. का, ते मला माहीत नव्हतं. त्यामुळे काम माझ्या गळ्यात.

पहिला गोळा धुतला आणि स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला. तो जरा डुलला, अर्धा वळला आणि थांबला. त्याच्यावरचा काळा रंग एके ठिकाणी पोपडा येऊन निघाला होता, खालून एक पिवळी पाकळी दिसत होती. फडकं आणायला वळले, परत आले, गोळा पुसायला उलटा केला. तो पुन्हा डुलला आणि झोपेत कूस बदलावी तसा सावकाश फिरून पाकळी वर करून बसला. मी पुन्हा उलटा केला. पुन्हा पाकळी वर. दुसरा गोळा ठेवला, नखाने वरचा काळा रंग खरवडला. पाकळी. तिसरा. पाकळी.

"आई!" मी ओरडले. सासूबाई धावत आल्या. "तुम्ही गोळ्यांवर फुलं काढायचात?"

"हो. दरवर्षी. लग्न झालं त्या वर्षी हे पहिल्यांदा गोळा दाखवायला घरी घेऊन आले. म्हटलं काय ते काळं कुळकुळीत, म्हणून एक पिवळं फूल काढलं. मग सवयच पडली."

"गोळ्यावर कुठे काढायचात?"

"कुठे म्हणजे? वर. ओट्यावर गोळा ठेवायचा आणि वरच्या बाजूला काढायचं. खाली काढायला मी काय मान मोडून घेऊ?"

मी तशीच ओल्या हातांनी काकांच्या कारखान्यात गेले. काका वाळूचे साचे भरत होते. गोळ्याचा साचा दोन अर्ध्या पेट्यांचा असतो, वर एक नरसाळ्यासारखं तोंड, त्यातून वितळलेलं लोखंड ओततात आणि थंड झाल्यावर ते तोंड तोडून घासून टाकतात. मी विचारलं, "काका, गोळ्यात आत पोकळी राहते का हो?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या मुलीच्या वागणुकीबद्दल विचारलं. "माझ्या गोळ्यात? पोकळी?"

"म्हणजे बारीकशी."

"बारीकशी कुठे राहत नाही? बटाट्यात नसते? लोखंड निवताना आतली हवा वर चढते, वरून कातडी धरलेली असते, मग ती तिथेच अडकते. तोंडाच्या जरा खाली. पण सगळ्या गोळ्यांत एकाच जागी हं! साचा एकच आहे माझा, आमच्या वडिलांच्या वेळचा." हे त्यांनी फार अभिमानाने सांगितलं.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं होतं. सासूबाईंना मी बाजारातल्या ढकलगाडीवरून समजावलं. गाडीच्या एका बाजूला पोतं ठेवलं आणि मागून मधोमध ढकललं, की पोत्याची बाजू मागे रेंगाळते, दुसरी पुढे धावते आणि गाडी पोत्याकडे वळते. गोळ्याचं तसंच. दारूचा धक्का बसतो मधोमध, जड बाजू रेंगाळते, हलकी पुढे पळते, म्हणून गोळा नळीतून बाहेर पडतो तोच गरगरत. आणि गरगरणारा चेंडू हवेत वळतो, हे तर रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांनाही ठाऊक असतं. जड बाजू डावीकडे असेल तर गोळा डावीकडे जातो, उजवीकडे असेल तर उजवीकडे. वर असेल तर लांब जातो, खाली असेल तर लवकर उतरतो.

"आणि माझं फूल?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमचं फूल नेमकं पोकळीच्या बाजूला. हलक्या बाजूला. आणि ही मंडळी गोळा नळीत लोळू नये म्हणून लाकडी वाटीत पत्र्याच्या पट्टीने बांधतात, तेव्हा फूल कुठे ठेवायची?"

"वर. ह्यांचा कटाक्ष असायचा. फूल उलटं जाता कामा नये म्हणायचे. मी म्हणायची, आत अंधारात कोण बघतंय? तर म्हणायचे, असू दे."

"म्हणजे दरवर्षी, प्रत्येक गोळ्याची जड बाजू खाली. प्रत्येक गोळा सारखाच, जरा लवकर उतरणारा. बाबांच्या हाताला नकळत त्याची सवय झाली, म्हणून नेम बसायचा. फुलं बंद झाली, काळा रंग लागला, आता कुठली बाजू कुठे जाते कुणाला पत्ता नाही. बाबांच्या डोळ्याला काहीही झालेलं नाही, आई! तुमचं फूल नाही एवढंच झालंय."

सासूबाई आधी ओट्याला टेकल्या. मग त्यांच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. पदराने डोळे पुसत, श्वास घेत, पुन्हा हसत. "म्हणजे इतकी वर्षं," त्या म्हणाल्या, "हे मिशीला पीळ देऊन गावभर फिरायचे, ते माझ्या फुलावर?"

"बरंचसं."

"अगं बाई गं!"

मी रंगाची बाटली शोधायला उठले तर त्यांनी माझा हात धरला. हसणं एकदम थांबलं होतं. "फूल मी काढणार नाही. आणि तूही ह्यांना अवाक्षर सांगायचं नाहीस."

"का?"

तेव्हा मला कळलं की गोळ्यांच्या कामातून त्यांनी अंग का काढून घेतलं. दोन वर्षांपूर्वी बक्षीससमारंभात अध्यक्ष भाषणात म्हणाले होते, की तोफेच्या गोळ्यावर फूल म्हणजे पहिलवानाच्या गालाला पावडर. लोक हसले. मग अध्यक्षांनी सगळे गोळे एकसारखे काळे करून घेतले. "अध्यक्षांचं मला काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "लोकांच्या दाढा उपटून कुणाची जीभ मऊ होईल? पण हेही हसले. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि हे मंचावर बसून हसले. आता ह्यांनी स्वतः येऊन म्हणायला हवं, की फूल काढून दे. तोवर नाही. आणि एकदा का मागितलं आणि गोळा बसला, की त्या दिवशी जेवताना सगळ्यांसमोर मी सांगणार, की तुमचा डोळा बिळा काही नव्हता, माझं फूल होतं. वाक्यसुद्धा तयार आहे माझं."

"आणि नाहीच मागितलं तर?"

"तर काठी काकांना जाईल."

"आई, बाबा जेवत नाहीत नीट!"

"मी बघतेय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा हलला, पण हट्ट तसूभर हलला नाही. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलं, आणि दिल्या क्षणापासून मला स्वतःचा राग येत होता. पोटात गोष्ट ठेवायची मला सवय नाही. मी घरभर भांडी आपटत हिंडले. एकदा बाबांना आडून सुचवलंही, की आई पूर्वी फुलं काढायच्या ती किती छान दिसत असतील, नाही का? बाबा खाली बघत म्हणाले, "कंटाळली असेल ती. किती वर्षं करायचं कुणी." आणि उठून चिमण्या मोजायला गेले. यांना दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी, असं मला वाटलं.

तो दिवस उजाडला. अख्खं गाव भिंतीवर. या वर्षी मोटारी लावायची जागा फार लांब ठेवली होती आणि अध्यक्षांनी आपली मोटार घरीच ठेवून पायी येणं पसंत केलं होतं. तोफेच्या मागे त्यांचं टेबल, टेबलावर काच, काचेवर चहाचे कप. काका गोळे वाटीत बांधायला. माझा नवरा दारूच्या पिशव्या मोजायला. सासूबाई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी त्यांच्या शेजारी, दात ओठ खात.

बाबा तोफेच्या मागे वाकले. तोफेच्या बुडाखाली लाकडाची पाचर असते. ती आत सारली की तोंड खाली जातं, बाहेर ओढली की वर येतं. पाचरेवर खडूच्या दोन रेघा होत्या, एक जुनी, एक नवी. बाबांनी पाचर नव्या रेघेपर्यंत आत सारली. रेघेवर नीट बसली का, ते तीनदा वाकून पाहिलं. गेल्या वर्षी एकदाही पाहिलं नव्हतं.

पहिला गोळा. धूर, कानठळ्या, आणि मग मागे उभं राहिलं की गोळा दिसतो बरं का, काळा ठिपका लांब लांब जाताना दिसतो. तो ठिपका अर्ध्या वाटेपर्यंत सरळ गेला आणि मग सावकाश उजवीकडे झुकत झुडपात शिरला. लोकांनी "अरेरे" केलं. दुसरा गोळा. हा चौकटीवरून गेला, चांगला माणूसभर वरून. अध्यक्ष चहा ढवळत होते. काकांनी अंगरखा नीट केला, मग माझ्या नजरेला नजर भिडताच पुन्हा चुरगळून घेतला.

मी सासूबाईंच्या कानाशी गेले. "आई, आता तरी."

त्या समोर बघत राहिल्या. ओठ घट्ट. डोळे मात्र भरले होते, आणि त्या क्षणी मला दोघांचाही इतका राग आला की वचन गेलं खड्ड्यात म्हणून मी उठून उभी राहिले.

पण बाबाच येत होते. तिसरा गोळा दोन्ही हातांत पोटाशी धरून, काठी काखेत, ते तोफेपासून पहिल्या रांगेपर्यंत आले आणि सासूबाईंसमोर उभे राहिले. सगळं गाव बघत होतं.

"शेवटचा आहे गं माझा," ते म्हणाले. "याच्यावर काढतेस का एक?"

"लोक हसतील," सासूबाई म्हणाल्या.

"हसू देत. त्या दिवशी मीही हसलो. हसायला नको होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं तुला, पण जीभच रेटली नाही."

सासूबाईंनी पर्स उघडली. पर्समधून पिवळ्या रंगाची बाटली निघाली. ब्रश निघाला. ब्रश पुसायचं फडकंसुद्धा निघालं. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी माझी नजर टाळली. मग त्या उठल्या, थेट अध्यक्षांच्या टेबलाशी गेल्या आणि म्हणाल्या, "कप उचला जरा."

"बाई, हे काय—"

"कप."

अध्यक्षांनी कप उचलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं तोंड उघडं होतं आणि बोलत दुसरंच कुणीतरी होतं. बाबांनी गोळा काचेवर ठेवला. तो डुलला, अध्यक्षांच्या दिशेने एक गिरकी घेतली, अध्यक्ष खुर्चीसकट मागे सरकले, आणि गोळा फिरून शांत बसला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी वरच्या बाजूला पाच पाकळ्यांचं फूल काढलं, फुंकर मारली, मधला ठिपका दिला.

"फूल वर," बाबा काकांना म्हणाले.

"दादा, रंग ओला आहे, माझे हात—"

"फूल वर!"

काकांनी पिवळ्या बोटांनी पट्टी बांधली. लाकडी वाटीवर खाच असते, ती वर ठेवून गोळा आत सारला, गजाने ठासला. तेवढ्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. फूल वर म्हणजे गोळा लवकर उतरणार. आणि पाचर तर नव्या रेघेवर होती, तोंड खाली! त्यातून आत्ताच एक गोळा वरून गेलेला, म्हणजे कुणीही शहाणा माणूस तोंड आणखी खालीच घेणार. मग गोळा चौकटीच्या अलीकडे चिखलात. मी तोफेकडे धावले. वचन, मंडळ, अध्यक्ष, सगळं विसरून.

बाबा पाचरेशी वाकले होते. त्यांनी ती पकडली आणि बाहेर ओढली. जुन्या रेघेपर्यंत. तोफेचं तोंड वर आलं.

काका किंचाळले, "दादा, उलटं करतोयस! आधीचा वरून गेला ना!"

"गप बस," बाबा म्हणाले. मग मी शेजारी आलेली पाहून त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "सूनबाई, तुला म्हणून सांगतो. हिच्या फुलाचे गोळे कायम जरा आधी पडतात. पहिल्या वर्षीच लक्षात आलं माझ्या. रंगाचं वजन होत असणार, दुसरं काय? एवढा जाड थापते ती. पण इतक्या हौसेने काढायची, तिला कुठे सांगत बसू, की तुझ्या फुलाने गोळा दमतो म्हणून? मी आपली तोफ थोडी वर धरत आलो. ती थांबली तेव्हा वाटलं, आता गोळे हलके झाले, नेम सोपा होईल. खालची रेघ काढली. आणि बघ काय झालं, डोळाच गेला. पण हा गोळा तिचा आहे, याला जुनीच रेघ लागणार." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "तिला कळू देऊ नकोस हं. वाईट वाटेल तिला."

मला त्यांना सांगायचं होतं की रंगाचं वजन चिमटीभरसुद्धा नाही, की गोळा दमत नाही, फिरतो, की तुमचा डोळा जागेवर आहे. पण ते नेम धरत होते आणि या वेळी रेघेकडे पुन्हा वळूनसुद्धा पाहत नव्हते. मी मागे सरले आणि कानांवर हात ठेवले.

काठी कानाशी गेली. तोफ मागे उसळली. धुरातून काळा ठिपका वर चढला, फार वर चढला, लोक माना उंचावून बघत होते आणि काका डोळे झाकून उभे होते. मग तो ठिपका, एखाद्याने वरून हलकेच दाबावा तसा, खाली वाकला. आधी चौकटीत भोक दिसलं. फळ्या फुटल्याचा आवाज त्यानंतर आला, आणि तोही पुरता ऐकू आला नाही, कारण गाव ओरडत होतं.

घरी परतताना गावाने बाबांना आणि काठीला मधोमध घेतलं होतं. काका पिवळी बोटं नाचवत सगळ्यांना सांगत होते की गोळा त्यांनी बांधला. सासूबाई आणि मी मागे होतो. त्या खुशीत होत्या. "आज जेवताना," त्या म्हणाल्या, "वाढून झालं की सगळे शांत बसतात ना, तेव्हा सांगते. नेमबाज म्हणे! त्यांचा चेहरा बघ तू."

माझ्याकडे आता दोघांचं एकेक गुपित होतं. आणि पोटात गोष्ट ठेवायची मला सवय नाही, हे मी आधीच सांगितलं आहे. मी त्यांना सगळं सांगितलं. पहिलं वर्ष, जाड रंग, दमणारा गोळा, पाचरेवरची जुनी रेघ. इतकी वर्षं तोफ वर धरली ती कुणाला वाईट वाटू नये म्हणून, तेही सांगितलं.

सासूबाई चालता चालता थांबल्या. पुढे लोकांच्या घोळक्यात बाबा काठी उंच करून कुणाला तरी काहीतरी दाखवत होते. त्या तिकडे बघत राहिल्या.

"त्यांना वाटलं माझ्या फुलामुळे गोळा पडतो?" त्या म्हणाल्या. "आणि तरी दरवर्षी फूल वरच ठेवायला लावलं?"

"हो."

"मला एका शब्दाने बोलले नाहीत."

"नाही."

त्या पदर खोचून झपाझप चालायला लागल्या. घरी आल्या, हातपाय धुतले, स्वयंपाकाला लागल्या.

जेवायला काका-काकूही होते. बाबा कित्येक महिन्यांनी पोटभर जेवत होते, घास तोंडात असताना बोलत होते, आणि तेच तेच पुन्हा सांगत होते. वाढून झालं. सगळे शांत झाले. मी ताटात बघत बसले. बाबा पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं आणि सगळ्यांकडे एक नजर फिरवून म्हणाले, "काही म्हणा, डोळा अजून शाबूत आहे आपला."

सासूबाईंनी त्यांच्या ताटात न विचारता आणखी वाढलं.

"आहेच की," त्या म्हणाल्या. "मी कधी नाही म्हटलं?"